आकसण्याची सूट

एकतीस वर्षं उद्यमबागेत लाकडाचे पॅटर्न केले मी.
पंपाचे, व्हॉल्व्हचे, उसाच्या चरकाच्या दातेरी चाकांचे.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
म्हणून पॅटर्न जरा मोठा ठेवायचा,
मीटरला दहा मिलिमीटर.
त्यासाठी वेगळी पट्टीच असते,
खोटं मापणारी, आणि शेवटी खरी ठरणारी.

जबड्यासाठी अशी सूट कुणी धरली नव्हती.

खालचे दात कामगार विम्याच्या दवाखान्यात गेले,
एका सकाळी चार,
मग उरलेले, उधारी मिटवावी तसे.
कवळी आली. बरीच वर्षं चालली, मग तरंगायला लागली.
शहापुरात भाचीच्या साखरपुड्यात
मांड्याच्या घासाबरोबर ताटात उतरली.
सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.
तेच जास्त लागलं.

तिसऱ्या गेटाजवळ डॉक्टर भाग्यश्री मुनवळ्ळी.
पडद्यावर माझा जबडा गोल फिरवून म्हणाल्या,
हाडाला दात धरायचं काम नाही उरलं
की ते झिजत जातं, मेस्त्री.
मला रिटायर होऊन नऊ वर्षं झालेली.
गप्प बसलो.

"आधी भर घालावी लागेल.
थोडं तुमच्याच हनुवटीतलं, थोडं बाटलीतलं.
आणि ही बघा नस.
हिच्यापासून दोन मिलिमीटर तरी लांब राहायचं."
दोन मिलिमीटर!
मला हसू आलं. बाई दचकल्या.
त्यांना काय सांगू,
गल्लीची पाटी, बसचा बोर्ड,
रेशनकार्डावर दरवेळी नव्याने लिहिलेलं माझं आडनाव:
आम्ही रेषेपासून तेवढंच अंतर ठेवून
जेवलो, झोपलो, पोरं वाढवली.

खुर्ची मागे गेली.
"बाय तेगीरी," लक्कव्वा सिस्टर म्हणाली. आ केला.
थोड्या वेळाने, "ब्यानी आगतैतेन्री?"
अर्धं तोंड बधिर. मराठी फुटेना, कन्नडही फुटेना.
"अं," म्हणालो.
ते दोन्हीकडे चालतं.

ड्रिलचा आवाज ओळखीचा होता,
फक्त या वेळी व्हाइसमध्ये मी.
हाडाची भुकटी त्यांनी रक्तात कालवली,
ओल्या वाळूसारखी भरली, दाबली, पुन्हा भरली.
मनात म्हटलं, बाई, कोपरा. कोपरा पोकळ राहील.
त्यांनी कोपरा दाबला.
चांगला हात आहे.

मग सहा महिने.
आंबील, मऊ भात, ताकात कुस्करलेली भाकरी.
पुण्याहून मुलगा फोनवर,
"बाबा, एवढ्या पैशात..."
वाक्य त्याने पुरं केलं नाही.
त्याचं गणित बरोबर आहे.
सदुसष्टाव्या वर्षी हाड पेरतं का कुणी?
पण आमच्यात एक परशा हलगेकर होता,
भारी घाईचा,
निवायच्या आत पेटी उघडली त्याने एकदा.
अजून डाव्या पायाने लंगडतो.
जीभ सारखी त्या जागेवर जायची.
मी तिला परत बोलवायचो.

मग स्क्रू. मग आणखी तीन महिने,
त्यांचं काही लिहिण्यासारखं नाही.

काल बाईंनी आरशाच्या दांडीने
स्क्रूच्या डोक्यावर टकटक केली.
मी डोळे मिटले.
पोकळ जॉब थप्प बोलतो.
भरीव बोलतो ते कानात नाही,
सरळ कवटीत वाजतं.
त्या एक्स-रे लावायला वळल्या,
तेवढ्यात मी म्हणालो, "बसलाय."
"कूतैत," लक्कव्वा म्हणाली,
जणू मी तिलाच विचारलं होतं.

"इतक्यात काही चावू नका," बाई म्हणाल्या,
"दात महिन्याने."

येताना गोकाकचा करदंट घेतला, पाव किलो.
दुकानदार म्हणाला, ताजा आहे, आजच खा.
म्हटलं, नको,
कडक होऊ दे.